लगाम किती ओढायचा, हे ग्लुटामेट ठरवते तेव्हा

अपस्माराची आकडी बहुधा एक-दोन मिनिटांत आपोआप ओसरते. सर्वांगाला आचके देणारी आकडी पाच मिनिटांपेक्षा अधिक लांबली, तर मात्र ती स्वतःहून थांबण्याची शक्यता बरीच घटते. अशा स्थितीला डॉक्टर ‘स्टेटस एपिलेप्टिकस’ म्हणतात आणि लोराझेपाम, मिडाझोलाम किंवा डायझेपाम यांपैकी एखादे औषध तातडीने देतात. मेंदूत पेशींना शांत करणारे जे अवरोधक संदेश फिरत असतात, त्यांना ही औषधे बळ देतात. परंतु त्यांच्याबाबत एक गोष्ट डॉक्टरांना फार पूर्वीपासून खटकत आली आहे. आकडी सुरू झाल्यावर ती जितक्या उशिरा द्यावीत, तितका त्यांचा गुण कमी येतो. उंदरांवरच्या प्रयोगांतही हेच दिसते. डायझेपामची जी मात्रा सुरुवातीला पुरेशी ठरते, तीच पाऊण तासाने अपुरी पडते.

औषध तेच, मेंदू तोच, मग मधल्या वेळात बदलले काय? बदलले ते चेतापेशीच्या पृष्ठभागावरचे चित्र. ज्या ग्राहींना, म्हणजे रासायनिक निरोप घेणाऱ्या प्रथिनांना, धरून हे औषध काम करते, ते ग्राहीच दरम्यान तेथून मोठ्या संख्येने हटलेले असतात. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या, अपस्माराचे संशोधक क्लॉड वास्टरलेन यांच्या गटाच्या मोजणीनुसार, उंदरांमध्ये सुमारे तासभर चाललेल्या आकडीनंतर दोन पेशींमधील एकेका अवरोधक सांध्यावरील कार्यक्षम ग्राहींची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली होती. आणि त्यांना हटवण्यात मोठा हात कुणाचा, तर ज्यांचे काम नेमके उलट मानले जाते त्या, ग्लुटामेट या पेशी चेतवणाऱ्या रसायनाच्या ग्राहींचा. पेशीला चेतवणारी यंत्रणाच पेशीला शांत करणाऱ्या यंत्रणेचा लगाम किती ओढायचा आणि किती सैल सोडायचा हे ठरवते, आणि तेही एका मार्गाने नाही, निदान पाच-सहा मार्गांनी. हे मार्ग समजून घेतले, तर मेंदूतील ‘चेतवणारे’ आणि ‘शमवणारे’ अशी जी सरळ वाटणी आपण पाठ्यपुस्तकात शिकतो, ती किती अपुरी आहे हे ध्यानात येते.

आधी थोडी पूर्वपीठिका. दोन चेतापेशी जेथे एकमेकींशी बोलतात, त्या सांध्याला सिनॅप्स म्हणतात. तेथे त्या एकमेकींना चिकटलेल्या नसतात; मध्ये सुमारे २० नॅनोमीटरची फट असते. पहिल्या पेशीच्या अक्षतंतूच्या टोकातून रसायन बाहेर पडते, फट ओलांडते आणि पलीकडच्या पेशीवरील ग्राही प्रथिनांना जाऊन बसते. प्रौढ मेंदूतील बहुतेक उद्दीपक संदेशांसाठी वापरले जाणारे रसायन म्हणजे ग्लुटामेट, आणि बहुतेक अवरोधक संदेशांसाठी वापरले जाणारे रसायन म्हणजे गामा अमायनो ब्युटिरिक आम्ल, ज्याला सगळेच जण आद्याक्षरांवरून गाबा म्हणतात. मज्जारज्जू आणि मस्तिष्कस्तंभ यांमध्ये ग्लायसीनही अवरोधाचे काम करते, पण ते येथे बाजूला ठेवू.

ही दोन रसायने एकमेकांची वैरी असल्यासारखे बोलले जाते. प्रत्यक्षात ती एकाच घरातली आहेत. ग्लुटामेटच्या रेणूतून एक कार्बन डायऑक्साइड काढून टाकला की उरतो तो गाबा, आणि हे काम अवरोधक पेशींमधील एकच विकर एका पायरीत करते. मेंदूत गाबा असल्याचे १९५० साली यूजीन रॉबर्ट्स आणि होर्हे आवापारा यांनी स्वतंत्रपणे दाखवले, तरी हा पदार्थ तेथे करतो काय, हे कुणाला ठाऊक नव्हते. दुसरीकडे अर्नस्ट फ्लोरी हे मेंदूच्या अर्कातील एका अनोळखी ‘घटक आय’चा अभ्यास करीत होते, ज्याने गोड्या पाण्यातील क्रेफिश या कवचधारी प्राण्याच्या चेतापेशी मुक्या होत असत. १९५७ साली तो घटक म्हणजे गाबाच, हे सिद्ध झाले. एकच पदार्थ काही वर्षे दोन नावांनी वावरत होता, आणि दोन्ही नावांचा मेळ बसल्यावरच अवरोधाच्या रसायनशास्त्राला खरी सुरुवात झाली.

गाबाचा मुख्य ग्राही, म्हणजे गाबा-ए, हा पाच तुकड्यांचा बनलेला क्लोराइडचा दरवाजा आहे. गाबा बसला की दरवाजा उघडतो, ऋणभारित क्लोराइड आयन पेशीत शिरतात आणि पेशीचे विद्युतदाब विश्रांतीच्या उणे ७० मिलिव्होल्टच्या आसपासच खिळून राहते. संदेश सोडण्यासाठी लागणारी पातळी तिला सहजी गाठता येत नाही. डायझेपाम आणि त्याची भावंडे याच गाबा-ए ग्राहीला बसून, गाबा आल्यावर तो दरवाजा अधिक वेळा उघडावा अशी व्यवस्था करतात. गाबा नसेल, किंवा ग्राहीच जागेवर नसेल, तर त्यांना करण्यासारखे काही उरत नाही.

ग्लुटामेटचे ग्राही मात्र संख्येने आणि स्वभावाने भरपूर. एक गट आयनांचे दरवाजे असलेल्यांचा. त्यात अँपा, एनएमडीए आणि कायनेट ही तीन घराणी, आणि चौथे डेल्टा नावाचे, ज्याची गोष्ट पुढे येईल. अँपा ग्राही काही मिलिसेकंदांत उघडून मिटतात आणि रोजचा वेगवान संदेश पोहोचवतात. एनएमडीए ग्राहीच्या तोंडाशी मॅग्नेशियमचा बूच असतो; पेशी आधीच बऱ्यापैकी चेतलेली असेल तरच तो निघतो, मग दरवाजा बराच वेळ उघडा राहतो आणि त्यातून कॅल्शियम आत येते. दुसरा गट मेटाबोट्रॉपिक ग्राहींचा; त्यांना दरवाजा नसतो, ते पेशीच्या आतील रासायनिक साखळ्या हलवतात. या गटात १ ते ८ अशा क्रमांकांचे आठ प्रकार आहेत.

या यादीतून एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी, ती अशी की रसायनाला स्वतःचा अर्थ नसतो; अर्थ ग्राही लावतो. याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण आपल्या डोळ्यात आहे. दृष्टिपटलातील प्रकाशग्राही पेशी अंधारात ग्लुटामेट सोडत राहतात, आणि त्यांच्या पुढच्या पायरीवरील ‘ऑन’ द्विध्रुवी पेशींवर मेटाबोट्रॉपिक क्रमांक ६ चा ग्राही असतो, जो ग्लुटामेट मिळताच पेशीचे आयनद्वार बंद करतो. म्हणजे तेथे ग्लुटामेट पेशीला चेतवत नाही, गप्प बसवते. प्रकाश पडला की ग्लुटामेट कमी होते आणि ती पेशी जागी होते. या ग्राहीच्या जनुकात बिघाड असलेल्या व्यक्तींना जन्मजात रातांधळेपणा असतो. ज्याला आपण सरसकट ‘उद्दीपक रसायन’ म्हणतो त्याचे हे वर्तन पाहिले, म्हणजे पुढचे सगळे मार्ग कमी आश्चर्याचे वाटतील.

पहिला मार्ग अगदी सरळ आहे. अवरोधक पेशींना कामाला लावणारेही ग्लुटामेटच असते. मेंदूच्या बाह्यकात अवरोधक पेशी साधारण पाचात एक इतक्याच असतात, पण त्यांचे जाळे दाट असते. बाहेरून आलेला अक्षतंतू एकाच वेळी मुख्य पिरॅमिडी पेशीलाही आणि शेजारच्या अवरोधक पेशीलाही ग्लुटामेट देतो. अवरोधक पेशी तत्काळ पेटून त्याच पिरॅमिडी पेशीवर गाबा सोडते. त्यामुळे पिरॅमिडी पेशीला उद्दीपन मिळाल्यावर एक-दोन मिलिसेकंदांच्या अंतराने अवरोध येऊन पोहोचतो. एवढ्या अरुंद खिडकीत जे संदेश एकत्र आले तेवढेच जमेस धरले जातात. २००१ साली फ्रेडेरिक पुई आणि मास्सिमो स्कांझियानी यांनी हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित मेंदूभागामध्ये हे दाखवले, आणि तेव्हापासून अवरोधाकडे केवळ आवाज कमी करणारी कळ म्हणून पाहणे कठीण झाले. तो वेळेचे भान राखणारा तालधारी आहे. हे जमते ते या वेगवान अवरोधक पेशींवरील अँपा ग्राही विशेष चपळ असतात म्हणून. त्यांतील अनेकांत जीएलयूए-२ हा तुकडा कमी असतो, त्यामुळे त्यांतून कॅल्शियमही आत जाते आणि अवरोधक पेशींच्या उद्दीपक सांध्यांची ‘शिकण्याची’ पद्धतच पिरॅमिडी पेशींपेक्षा वेगळी ठरते.

पण हा मार्ग म्हणजे केवळ पुरवठा झाला. माझ्या मते खरी गंमत आहे ती दुसऱ्या मार्गात, जेथे ग्लुटामेटचे ग्राही अवरोधक पेशीला न शिवता, संदेश घेणाऱ्या पेशीवरील गाबा-ए ग्राहींची जागाच बदलतात.

ग्राही म्हणजे पेशीपटलात खिळ्याने ठोकलेले दरवाजे, असे चित्र आपल्या मनात असते आणि ते चुकीचे आहे. पेशीपटल तेलासारखे प्रवाही असते आणि ग्राही त्यात सतत वाहत असतात. सिनॅप्सखाली गेफायरिन नावाच्या प्रथिनाची जाळी असते; तेथे आलेला गाबा-ए ग्राही काही काळ अडकून राहतो, मग सुटतो, बाहेर भटकतो, परत येतो. एकेका ग्राहीला क्वांटम डॉट नावाचा चमकणारा सूक्ष्म कण चिकटवून त्याची वाट सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहता येते. २००९ साली हिरोको बन्नाई, अंत्वान त्रिलेर, काट्सुहिको मिकोशिबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशीच वाट पाहिली, तेव्हा पेशींतील विद्युतहालचाल वाढवली की गाबा-ए ग्राहींचे भटकणे वाढते आणि सिनॅप्सवरील त्यांचा घोळका विरळ होतो, असे दिसले. यामागची साखळी अशी: एनएमडीए ग्राहीतून कॅल्शियम आत येते, ते कॅल्सिन्युरिन हे विकर जागे करते, कॅल्सिन्युरिन गाबा-ए ग्राहीवरचा फॉस्फेट गट काढून टाकते आणि ग्राहीची गेफायरिनच्या जाळीवरील पकड ढिली होते. पुढच्याच वर्षी लंडनमधील जोसेफ किटलर यांच्या गटाने फॉस्फेट नेमका ग्राहीच्या कोणत्या जागेवरून निघतो तेही दाखवले. सिनॅप्सबाहेर गेलेले ग्राही पेशीत ओढून घेतले जाणे सोपे असते. लेखाच्या आरंभी ज्या आकडीविषयी लिहिले, तिच्यात डायझेपामचा आधार नाहीसा होतो तो बऱ्याच अंशी असा.

तर मग कॅल्शियम वाढले की अवरोध ढिला, असा नियम करायचा का? येथेच थांबलो तर घोटाळा होईल. बन्नाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली याच गोष्टीची दुसरी बाजू प्रसिद्ध केली. ग्लुटामेट मेटाबोट्रॉपिक ग्राहींवर बसले, तर पेशीच्या आतल्या साठ्यातून कॅल्शियम सुटते. हे कॅल्शियम प्रोटीन कायनेज सी या विकराला कामाला लावते आणि गाबा-ए ग्राहींचा घोळका सिनॅप्सवर घट्ट धरून ठेवते. रसायन एक, आत वाढणारा पदार्थही एकच, पण एक वाट बाहेरून लोंढा आणणारी आणि दुसरी आतल्या कोठारातून थोडे थोडे सोडणारी, आणि परिणाम नेमके विरुद्ध. एवढेच नव्हे, एनएमडीए ग्राहींचा सौम्य वापर झाला, तर तेच ग्राही अवरोध वाढवतात असेही प्रयोगांत दिसले आहे. सौम्य, टिकाऊ कॅल्शियमवाढीने कॅमकायनेज-२ हे विकर अवरोधक सिनॅप्सकडे सरकते आणि तेथे नवे गाबा-ए ग्राही बसवले जातात. त्याच वेळी शेजारच्या उद्दीपक सांध्यांवरून अँपा ग्राही काढले जात असतात, म्हणजे पेशी दोन्ही बाजूंनी स्वतःला शांत करून घेते. कॅल्शियम किती, किती वेळ, कोणत्या दारातून आणि कोणाच्या शेजारी, हे माहीत असल्याशिवाय ‘कॅल्शियम वाढले’ या वाक्याला फारसा अर्थ नाही.

तिसरा मार्ग उलटा चालतो. सिनॅप्समध्ये निरोप पहिल्या पेशीकडून दुसरीकडे जातो, पण १९९१ आणि १९९२ साली, आधी लहान मेंदूतील पुर्किंजे पेशींत आणि नंतर हिप्पोकॅम्पसमध्ये, असे दिसले की दुसरी पेशी जोरात चेतवली तर तिच्याकडे येणारा गाबाचा संदेश काही सेकंद क्षीण होतो. दुसऱ्या पेशीतून काहीतरी मागे जात होते. ते काय, याचा शोध लागायला २००१ साल उजाडले. तो पदार्थ म्हणजे पेशी स्वतः बनवते ते एंडोकॅनाबिनॉइड, म्हणजे गांज्यातील सक्रिय द्रव्य ज्या ग्राहीवर बसते त्याच ग्राहीवर बसणारे मेदयुक्त रेणू. ते फट उलट्या दिशेने ओलांडतात, गाबा सोडणाऱ्या टोकावरील सीबी-१ ग्राहीला बसतात आणि गाबाची सोडणूक आवरतात. ग्लुटामेटचा संबंध असा की मेटाबोट्रॉपिक क्रमांक १ आणि ५ चे ग्राही हे रेणू बनवण्याच्या कारखान्याची कळ दाबतात. हिप्पोकॅम्पसमध्ये ग्लुटामेटचा मारा थोडा लांबला, तर मेटाबोट्रॉपिक ग्राहींमार्फत अवरोधक सांध्यांची शक्ती नुसती काही सेकंद नव्हे, दीर्घकाळासाठी कमी होते, हे विवियन शेवालेर आणि पाब्लो कास्तियो यांनी २००३ साली दाखवले. याचा व्यवहारातील अर्थ असा की एखाद्या ठिकाणी उद्दीपक संदेश जोरात आले, की लगतचा अवरोध हटतो आणि त्या ठिकाणच्या पुढच्या संदेशांना वाट मोकळी मिळते. सगळ्या अवरोधक पेशींवर मात्र हा उपाय चालत नाही. सीबी-१ ग्राही प्रामुख्याने कोलेसिस्टोकायनिन हे पेप्टाइड धारण करणाऱ्या अवरोधक पेशींच्या टोकांवर असतात. वेगवान तालधारी पेशींच्या टोकांवर ते जवळपास नसतात. तालाला हात न लावता बाकीचे सैल करण्याची ही सोय आहे.

चौथा मार्ग सांडलेल्या ग्लुटामेटचा. सिनॅप्सच्या फटीत ग्लुटामेटची सांद्रता क्षणभर खूप वाढते आणि मिलिसेकंदाच्या आसपास ओसरते, कारण भोवतालच्या ताराकृती पेशी ते झपाट्याने शोषून घेतात. पण संदेश लागोपाठ आले तर थोडे ग्लुटामेट फटीबाहेर सांडते आणि शेजारच्या गाबा-टोकांपर्यंत पोहोचते. त्या टोकांवर मेटाबोट्रॉपिक क्रमांक ४, ७ किंवा ८ चे ग्राही असले, तर ते कॅल्शियमची दारे आवळून गाबाची सोडणूक कमी करतात. २००० साली लहान मेंदूत आणि हिप्पोकॅम्पसमध्ये असे सांडलेल्या ग्लुटामेटचे परिणाम नोंदवले गेले. हिप्पोकॅम्पसमधील अभ्यासात, जो अलेक्सी सेम्यानोव आणि दिमित्री कुलमान यांचा होता, एक बारकावा होता: अवरोधक पेशींवर जाणारे गाबा-सांधे यामुळे दबत होते, पिरॅमिडी पेशींवर जाणारे नाही. म्हणजे अवरोधकांवरचा अवरोध ढिला होतो आणि परिणामी अवरोधक पेशी अधिक जोमाने काम करतात. क्रमांक ७ चा ग्राही तर ग्लुटामेटला इतका सुस्तपणे प्रतिसाद देतो की साध्या गप्पांकडे तो लक्षच देत नाही. फार मोठी सांद्रता मिळाली तरच तो हलतो. आणीबाणीचा भोंगा ज्या हिशेबाने लावतात, त्याच हिशेबाने तो लावलेला दिसतो.

कायनेट ग्राहींच्या वाट्याला मात्र मोठा वाद आला. त्यांना हे नाव ज्या आम्लावरून मिळाले, ते कायनिक आम्ल जपानमध्ये जंतांवरचे औषध म्हणून वापरल्या जाणाऱ्या एका लाल समुद्री शैवालातून वेगळे केले गेले, आणि पुढे ते प्राण्यांना दिल्यास तीव्र आकड्या येतात हे कळले. १९९७ साली ब्रिस्टलमधील ग्रॅहॅम कॉलिंग्रिज यांच्या गटाने आणि माद्रिदमधील हुआन लेर्मा यांच्या गटाने जवळजवळ एकाच वेळी सांगितले की कायनेट ग्राही गाबाची सोडणूक कमी करतात. आकड्यांचे कारण सापडले असेच वाटले. पण १९९८ साली पॅरिस आणि सॅन फ्रान्सिस्को येथून उलट बातमी आली. तेच ग्राही अवरोधक पेशींना जोरात चेतवतात, आणि त्यामुळे गाबाचे आपोआप येणारे संदेश कमी होण्याऐवजी कितीतरी वाढतात. मग सोडणूक कमी झाली ती ग्राहींमुळे, की अखंड कामाने टोके थकल्यामुळे आणि साचलेल्या गाबाने स्वतःचीच सोडणूक रोखल्यामुळे? दोन्ही बाजूंची निरीक्षणे बरोबर होती, आणि हेच या वादाचे खरे गमक आहे. पेशीच्या देहावर आणि अक्षतंतूवर बसलेले कायनेट ग्राही पेशीला पेटवतात, टोकावर बसलेले ग्राही सोडणुकीवर प्रभाव पाडतात, आणि तोही अल्प सांद्रतेत वाढीचा, अधिक सांद्रतेत घटीचा. लेर्मा यांच्या गटाला तर असेही दिसले की सोडणूक घटवताना हा ‘दरवाजा’ ग्राही दरवाजासारखा वागतच नाही. तो जी-प्रथिनांमार्फत, म्हणजे मेटाबोट्रॉपिक ग्राहींच्या रीतीने, आतल्या विकरांशी बोलतो. ग्राहींची जी दोन गटांत वाटणी आपण वर केली, तिला लागलेला हा मोठा तडा आहे.

हा विषय प्रयोगशाळेपुरता नाही. १९८७ साली कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावरील शिंपले खाऊन शंभराहून अधिक लोक आजारी पडले, काहींना आकड्या आल्या, काहींची नवी स्मृती साठवण्याची क्षमता कायमची गेली आणि काहींचा मृत्यू झाला. शिंपल्यांत सूक्ष्म शैवालांतून आलेले डोमोइक आम्ल साठले होते, आणि डोमोइक आम्ल हे कायनेट ग्राहींना फार घट्ट बसणारे द्रव्य आहे.

लहान मेंदूकडे एकदा पुन्हा वळतो, कारण तेथे एकाच गाबा-टोकावर ग्लुटामेटचे दोन ग्राही एकमेकांविरुद्ध काम करताना दिसतात. पुर्किंजे पेशीवर आरोही तंतू म्हणून ओळखला जाणारा एक फार ताकदवान उद्दीपक तंतू येतो. त्यातून सांडलेले ग्लुटामेट शेजारच्या गाबा-टोकांवरील अँपा ग्राहींना बसते आणि गाबाची सोडणूक कमी करते. हे जपानी संशोधकांनी २००० साली दाखवले. म्हणजे आरोही तंतू स्वतःच्या संदेशाच्या आड येणारा अवरोध स्वतःच बाजूला सारतो. त्याच टोकांवर एनएमडीए ग्राहीही असतात, आणि २००४ साली इयन ड्युगिड आणि ट्रेव्हर स्मार्ट यांनी दाखवले की पुर्किंजे पेशी जोरात चेतली की ती मागच्या दिशेने काही ग्लुटामेट सोडते, ते या एनएमडीए ग्राहींना बसते आणि गाबाची सोडणूक कित्येक मिनिटे वाढलेली राहते. आधी एंडोकॅनाबिनॉइडमुळे अवरोध काही सेकंद खाली, मग ग्लुटामेटमुळे बराच काळ वर. आधी वाट मोकळी करायची आणि मग उशिरा का होईना हिशेब चुकता करायचा, असा हा क्रम आहे.

आता डेल्टा घराण्याकडे. १९९० च्या दशकाच्या आरंभी जनुकांच्या साम्यावरून जीएलयूडी-१ आणि जीएलयूडी-२ हे दोन ग्राही सापडले आणि ग्लुटामेट ग्राहींच्या कुटुंबात त्यांची नोंद झाली. अडचण एवढीच होती की त्यांना ग्लुटामेट बसतच नाही. बराच काळ त्यांना ‘अनाथ ग्राही’ म्हटले जात असे. २०१९ साली असे दिसले की बाह्यकातील पिरॅमिडी पेशींवर अवरोधक सांधे तयार होण्यासाठीच जीएलयूडी-१ लागतो. सेरेबेलिन-४ या प्रथिनाच्या दोरीने तो पलीकडच्या गाबा-टोकाशी बांधलेला असतो. आणि २०२३ साली पॅरिसमधील पिएर पाओलेत्ती यांच्या गटाने सहकाऱ्यांसह दाखवले की या ग्राहीच्या ग्लुटामेटसाठी असलेल्या खाचेत बसते ते चक्क गाबा. गाबा बसल्याने ग्राहीचा आकार बदलतो, कोणताही आयनमार्ग उघडत नाही, आणि तरीही त्या सांध्यावरील अवरोध दीर्घकाळ बळकट होतो. कुटुंबाच्या आडनावाने ग्लुटामेट ग्राही, बसणारा पाहुणा गाबा, आणि काम अवरोध वाढवण्याचे! जनुकाचा वंश आणि रेणूचे काम यांची गल्लत करू नये, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

एक मार्ग राहिला, तो थोडक्यात सांगतो. गाबा-ए हा क्लोराइडचा दरवाजा असल्यामुळे तो अवरोध करील की नाही, हे पेशीच्या आत आधीच किती क्लोराइड आहे यावर अवलंबून असते. प्रौढ चेतापेशीत केसीसी-२ नावाचा वाहक क्लोराइड बाहेर टाकत राहतो. जन्माच्या आसपासच्या काळात तो कमी असतो, म्हणूनच अपरिपक्व पेशींत गाबा पेशीला चेतवूही शकतो. एनएमडीए ग्राहींतून कॅल्शियमचा लोंढा आला, तर केसीसी-२ वरचा फॉस्फेट निघतो, तो पटलावरून हटतो, आत क्लोराइड साचते आणि गाबा-ए ग्राही जागेवर असले तरी त्यांचा अवरोध पोकळ होतो. लांबलेल्या आकडीत हे नुकसान ग्राही हटण्याच्या जोडीने होते.

यावरून एक तर्क सहज सुचतो. अवरोध ढासळवणारा कॅल्शियम जर एनएमडीए ग्राहींतून येतो, तर एनएमडीए ग्राही बंद करावेत. केटामाइन हे भुलीचे औषध नेमके हेच करते, आणि पहिल्या-दुसऱ्या फळीच्या औषधांना न बधणाऱ्या आकड्यांत अतिदक्षता विभागात ते दिले जाते. पण केटामाइनचीच दुसरी बाजूही आहे. शांत, जाग्या मेंदूत अवरोधक पेशींना मिळणारा ग्लुटामेटचा पुरवठा काही अंशी एनएमडीए ग्राहींवर चालतो. २००७ साली जाग्या उंदरांच्या पूर्वललाट बाह्यकात एमके-८०१ हे केटामाइनसारखेच एनएमडीए-रोधक द्रव्य देऊन पाहिले असता, आधी अवरोधक पेशींचे संदेश घटले आणि मग पिरॅमिडी पेशी अधिक जोराने बोलू लागल्या. केटामाइनच्या कमी मात्रेत माणसांना येणाऱ्या भ्रमांचे एक स्पष्टीकरण यातूनच दिले जाते. आकडी लांबते तेव्हा परिस्थिती वेगळी असते. सिनॅप्सवर एनएमडीए ग्राही वाढलेले असतात, त्यांचे मॅग्नेशियमचे बूच निघालेले असते, आणि त्यांना बंद केल्याचा पहिला परिणाम म्हणजे उरलेले गाबा-ए ग्राही जागेवर राहणे. म्हणूनच प्रत्यक्षात केटामाइन बहुधा एकटे दिले जात नाही; ते मिडाझोलामच्या जोडीला येते. उंदरांवरच्या प्रयोगांतही ही जोडी एकेकट्या औषधापेक्षा अधिक परिणामकारक ठरली आहे, कारण एक औषध शिल्लक ग्राहींकडून अधिक काम करून घेते आणि दुसरे ते ग्राही हटवणारा कॅल्शियमचा ओघ अडवून धरते.